पलंगाला परवाना

माझी मावशी सुतारकाम करायची. तिने रागाने नुसतं पाहिलं तरी खिळे आपोआप लाकडात शिरायचे. मी डोळ्यांनी पाहिलंय. तिच्या नवऱ्याची, म्हणजे काकांची, पाठ कामातून गेलेली, पलंगावरून उठणं बंद. तळ्यापलीकडे त्यांच्या थोरल्या बहिणीने अंथरूण धरलं होतं आणि भावाला एकदा बघायचा ध्यास घेतला होता. रस्त्याने न्यावं तर खड्डे असे, की सरळ बसलेला माणूस घडी होऊन उतरायचा.

"मग पलंगच पाण्यात घालते," मावशी म्हणाली. तिने पलंगाखाली हवाबंद पिंपं बांधली आणि होड्यांना परवाने देणाऱ्या साहेबांना बोलावलं. या साहेबांनी एकदा अंगावर नंबर नाही म्हणून बदकाला किनाऱ्यावर बसवून ठेवलं होतं.

"बाई, ही नाव नव्हे."

"तरंगली की झाली."

"उलटली तर?"

"उलटवून दाखवा!"

साहेबांनी पलंगावर काकांच्या वजनाची वाळूची पोती ठेवली आणि दोन शिपाई एका कडेवर उभे केले. पलंग गपकन पालथा झाला. पोती तळाला गेली. किनाऱ्यावर कुणी हसलं नाही.

"पोत्यांच्या जागी तुमचे यजमान असते तर?" साहेब हळूच म्हणाले.

मावशीचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "खरंय तुमचं. पिंपं बाजूंना हवीत, पलंग खाली हवा. उद्या या."

"उद्या सुट्टी आहे."

"मग तुमच्या दारातच ठोकत बसते."

साहेब मुकाट आले. आता दोन्ही बाजूंना लांब वाशांवर पिंपं होती, पलंगाला कठडा होता, शेजारी कोळ्याची होडी बचावाला उभी. तरंगणारं जाकीट घालून मावशी स्वतःच पलंगावर आडवी झाली.

"मारा उड्या!"

शिपायांनी पलंगाच्या कडेवर अशा उड्या मारल्या, की लाटांनी पलीकडच्या घरांतली भांडी विसळून निघाली. किनाऱ्यावर खाटेवर पडलेले काका ओरडले, "अरे हळू! बायको एकच आहे मला!"

पलंग डुलला, उलटला नाही.

साहेबांनी सही केली. "दिवसाउजेडी, वारा पडल्यावर, आणि होडी सोबत हवीच. पण ही फक्त जायची परवानगी. परतीचा अर्ज वेगळा."

"तो तिकडे गेल्यावर करीन," मावशी काकांना जाकीट चढवत म्हणाली.

"घाई नको करूस गं," काका म्हणाले. "ताईशी भांडायचं बरंच राहिलंय."

मावशीने वल्हं पाण्यात घातलं.