शेंदरी बहर

एप्रिलमधला पाऊस उघडला की दामलेकाकांचा जुनिपर, सुरूच्या जातीचं ते झुडूप, शेंदरी व्हायचा. फांद्यांवरच्या फुगीर गाठींतून जेलीसारखी लुसलुशीत शिंगं बाहेर यायची आणि लंडनच्या कडेच्या पिनरच्या करड्या उजेडात, त्या चिंचोळ्या मागच्या बागेत, कुणीतरी निरांजनं लावून निघून गेल्यासारखं वाटायचं. त्यांच्यापुढे काका उभे: अंगात दोन स्वेटर आणि चेहऱ्यावर पहिल्या प्रयोगाला विंगेत थांबलेल्या नाटककाराचा भाव.

"ये लवकर, तुझ्या काकूचं झाड फुललंय!" असा फोन आला की मी ब्रॅकनेलहून गाडी काढायचो. झेंडू आणि शेवंती यांतला फरक न कळणारा मी, जाणकारासारखी मान हलवायचो.

तो जुनिपर काकूंनी त्या वारल्या त्याच्या आदल्या वर्षी लावला होता. फोनकार्डावरचा नंबर खरवडून पुण्याला बोलायचे ते दिवस. घरात मात्र काकूंचा आवाज आता नव्हता, म्हणून काका झाडाशी बोलत. तीन वसंत त्यांनी त्या शिंगांना हळदकुंकू वाहिलं.

कुंपणापलीकडे जीन, ऐंशीची, तीही एकटी. तिच्या नासपतीची टोपली सप्टेंबरात कुंपणावरून यायची, आणि त्या निमित्ताने दोघं हवेबद्दल तासभर बोलायची. काकांना दुसरा शेजार नव्हता. तिसऱ्या ऑगस्टात नासपतीच्या पानांवर नारिंगी ठिपके उमटले, फळं हिरवीच गळाली. जीन एक पान घेऊन रोपवाटिकेत विचारून आली. रोग हिवाळा जुनिपरमध्ये काढतो, वसंतात वाऱ्यावर बसून नासपतीवर येतो.

"यू टेल हिम, डिअर," ती मला हळूच म्हणाली. "त्याच्या बायकोचं झाड आहे. माझ्याने नाही होणार."

मी सांगितलं. "काका, ती फुलं नाहीत. तांबेरा आहे."

"गव्हावर पडतो तो?"

"त्याचाच चुलतभाऊ."

"म्हणजे मी बुरशीला हळदकुंकू वाहिलं?"

"तीन वर्षं. यथासांग."

काका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. हसू ओसरलं, पाणी राहिलं.

गाठी फांदीफांदीत होत्या. छाटून भागणार नव्हतं. "हा तोडला तर जीनचं झाड नक्की वाचेल?" काकांनी विचारलं.

"नक्की नाही. वारा आणखी कुणाच्या जुनिपरवरूनही आणेल."

त्यांनी करवत मागितली, मला हात लावू दिला नाही. दुपारभर बागेत टोक केलेल्या पेन्सिलीसारखा वास दरवळत राहिला. कुंपणाशी जीन उभी होती. शेवटची फांदी पडल्यावर काकांनी विचारलं, "तीन वर्षं मी तुझ्या काकूशीच बोललो ना रे?"

मी एरवी मैफल गाजवणारा माणूस. मी पडलेल्या फांद्या गोळा करू लागलो.

पुढच्या उन्हाळ्यात नासपतीवर ठिपके आले, पण थोडे. आणि काका रोज सकाळी त्या उघड्या मातीपाशी जाऊन उभे राहत. काळ माणूस नेतो, मग त्याची खूणही नेतो. मागे राहते ती फक्त तिथवर चालत जाण्याची पायांची सवय, आणि त्या सवयीला खूण गेल्याचं अजून कुणी सांगितलेलं नसतं.