मागे वळून पाहणारा माणूस

मेंढपाळाचा उजवा हात चालीबरोबर हलत होता. डावा हलत नव्हता. तो घोंगडीखाली होता, आणि नेमकी तिथे घोंगडी वीतभर फुगली होती.

"सांगा मॅडम, काय दिसतंय?" निवृत्त सुभेदार धुळा यांनी विचारले.

कॅप्टन ऋचा त्यांच्या अंगणात खुर्चीवर बसली होती. गणवेश न घालणारा, गावात मिसळून राहिलेला शत्रू कसा ओळखायचा, हे ती गुप्तवार्ता विभागातल्या नव्या जवानांना शिकवत असे. धुळांनीही तिथे येऊन शिकवावे, म्हणून कवठे महांकाळला ही तिची वर्षभरातली तिसरी खेप. दोनदा त्यांनी चहा पाजून वाटेला लावले होते. आज उत्तर घेतल्याशिवाय उठायचे नाही, असे ठरवूनच ती आली होती.

"काहीतरी लपवलंय. वजन तीन-चार किलो. पाठलाग होतोय का, ते सारखं मागं वळून बघतोय."

"मीही हेच लिहिलं होतं."

एकोणीस वर्षांपूर्वी, सीमेवरच्या डोंगरात, अशाच एका माणसाला दुर्बिणीतून पाहून. त्या अहवालावरून गस्तीच्या तुकडीने गोळी झाडली होती. धुळांना प्रशस्तिपत्र मिळाले. ते आत भिंतीवर होते. त्याची काच पुसण्याचे काम धाकट्या भावाने, आप्पासोने, आपणहून घेतले होते.

मेंढपाळ जवळ आला. आप्पासोच तो. त्याने घोंगडी बाजूला सारली. आत ओले कोकरू होते. मागून आलेली मेंढी त्याच्या पायांना घासत उभी राहिली.

"वाटंतच याली," तो ऋचाला म्हणाला. "पिल्लू दिसंना झालं की ही थांबती. म्हणून सारखं मागं बघाय लागतंय. दादाला सगळं ठावं हाय, पर सायब झाल्यापास्नं मेंढरं इसरलाय."

ऋचाला हसू आले. धुळांच्या चेहऱ्याकडे पाहून ते विरले.

"साहेब, त्या डोंगरात मेंढी होती?" तिने हळू विचारले.

"होती. दिसली होती. कामाची वाटली नाही, म्हणून अहवालात लिहिली नाही."

ते आत गेले आणि प्रशस्तिपत्र घेऊन बाहेर आले.

"आरं दादा, त्ये कशाला काढलंस?"

धुळांनी भावाकडे नीट पाहिले. मग चौकट ऋचाच्या हातात दिली.

"मी येतो, मॅडम. पहिल्या तासाला हे दाखवायचं. आणि मेलेल्या माणसाच्या घोंगडीत कोकरू निघालं होतं, ते मी माझ्या तोंडानं सांगणार."