सत्काराची शाल

आमच्या कॉलेजात समान संधी कक्ष काढायचं ठरलं, तेव्हा स्टाफरूममधल्या सगळ्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. कोणी माझं नाव सुचवलंही नव्हतं. माझं आडनाव खोब्रागडे आहे, तेवढं पुरलं. आमचे प्राचार्य अनुपम सर प्रेमाने म्हणाले, "प्रणोती मैडम, यह तो आपके दिल के क़रीब का विषय है." मी इतिहास शिकवते. मुघलांची महसूल व्यवस्था माझ्या दिलाच्या जास्त जवळ आहे, पण ते कोणी विचारलं नाही.

तरी मी हो म्हटलं. कारण मैत्रेयी.

मैत्रेयी रामटेके माझ्याच वर्गात, एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला. जन्मापासून तिच्या पायांत बळ नाही. एम.ए.चे सगळे वर्ग वरच्या मजल्यावर आणि आमचा जिना इंग्रजांच्या वेळचा, दगडी, उंच पायऱ्यांचा. तिचे वडील मोतीराम काका तिला रोज पाठीवर घेऊन चढायचे. चाकाची खुर्ची जिन्याखाली उभी करायची, मग काका वाकायचे, ती त्यांच्या गळ्यात हात टाकायची आणि ते कठड्याला धरून निघायचे. मधल्या वळणावर थांबून दम खायचे. तास संपेपर्यंत खाली निंबाखालच्या बाकावर बसून राहायचे. बाथरूम खाली आहे म्हणून पोरगी सकाळपासून पाणी प्यायची नाही. भर मे महिन्यात, जबलपूरच्या उन्हात! हे मला कळलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मोतीराम काका आमच्या कांचघर मोहल्ल्यातलेच. माझे बाबा आणि ते सरकारी फॅक्टरीत एकाच शॉपमध्ये, म्हणजे एकाच विभागात होते. बाबा गेले, काका रिटायर झाले. मला त्यांनी फ्रॉकमध्ये पाहिलंय. पण कॉलेजच्या फाटकाच्या आत ते मला मॅडमच म्हणायचे, फाटकाबाहेर पाऊल टाकलं की प्रणोती. माणूस तसा नियमाचा.

जिन्याला लागून खाली एक खोली होती. मोडके बाक, जुने पंखे, कुठल्या तरी स्नेहसंमेलनाची कमान, असला पसारा तिच्यात भरलेला. आमचा वर्ग पंधरा-वीस पोरांचा, त्या खोलीत आरामात मावला असता. मी अनुपम सरांना म्हटलं, वर्ग खाली आणा, एवढं एक केलं की झालं. लिफ्ट नको, रॅम्प नको. "बिलकुल मैडम, हो जाएगा," ते म्हणाले. ते नाही कधीच म्हणत नाहीत, हाच त्यांचा त्रास आहे.

हो म्हटलंय तर मी कशाला थांबते? विष्णू भैया आमचे शिपाई, त्यांना सोबत घेऊन मी खोली रिकामी केली, धुऊन काढली, खिडक्या उघडल्या. मोतीराम काका दारात उभं राहून पाहत होते. "लय हवा येते इथं, मॅडम," ते म्हणाले. मैत्रेयी खुर्ची ढकलत स्वतः आत आली, एकटी, कोणाचा हात न लागता. फळ्याच्या जागेपाशी गेली आणि परत आली. कॉलेजातल्या एका खोलीत ती पहिल्यांदाच अशी आपली आपण शिरली होती. नुसती हसत होती.

आणि तिथेच माझा घात झाला. खोली स्वच्छ झाली म्हणून ती अनुपम सरांच्या नजरेत भरली. मूल्यांकन समिती महिन्याभरात येणार होती. कक्ष कागदावर होता, त्याला जागा नव्हती. दुसऱ्याच आठवड्यात त्या खोलीत सोफा आला. निळा गालिचा आला. बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून सोनेरी चौकटीत बाबासाहेबांचा फोटो आला, आणि भिंतभर बॅनर: हर विद्यार्थी, हमारा विद्यार्थी. दारावर माझ्या नावाची पाटी. ज्या खोलीत मैत्रेयीचा वर्ग भरायचा होता, तिच्यात मैत्रेयीच्या भल्यासाठी कार्यालय थाटलं गेलं आणि त्याची प्रमुख मी!

मी भांडले. चांगली कडाडून भांडले. "बस, समिति जाने दीजिए मैडम. फिर कमरा आपका," अनुपम सर म्हणाले. खोली मला नकोच होती, पण हे त्यांना कोणत्या भाषेत सांगायचं ते मला अजून कळलेलं नाही.

समिती आली. तिघं जण होते. त्यांचे अध्यक्ष पांढऱ्या केसांचे, शांत गृहस्थ, खरंच ऐकून घेणारे. त्यांना आमच्या कक्षात बसवलं. मैत्रेयीला आणि मोतीराम काकांना मुद्दाम बोलावलं होतं. काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. अनुपम सरांनी बापलेकीची गोष्ट अशी काही रंगवून सांगितली की समितीतल्या बाईंनी डोळे टिपले. मग सरांनी खूण केली, आणि विष्णू भैया तबक घेऊन आले. शाल आणि श्रीफळ. "ऐसे पिता हमारे महाविद्यालय की शान हैं." टाळ्या पडल्या. काकांच्या खांद्यावर चॉकलेटी शाल, हातात नारळ, आणि चेहरा असा की कुठे पाहावं ते कळत नाही.

टाळ्या ओसरायच्या आत मी उभी राहिले. म्हटलं, सर, या माणसाचा सत्कार करण्यापेक्षा यांच्या मुलीचा वर्ग याच खोलीत आणा. मग कोणालाच कोणाला उचलावं लागणार नाही. अनुपम सरांचा चेहरा पडला. पण अध्यक्ष पुढे झुकले. त्यांनी फाइल बंद केली आणि सरळ काकांनाच विचारलं, "बाबा, रोज़ ऊपर ले जाने में आपको तकलीफ़ होती होगी?"

माझा जीव कानात आला. मैत्रेयीने बापाकडे पाहिलं. फक्त हो म्हणायचं होतं. एक शब्द, आणि तो समितीच्या कागदावर गेला असता, आणि खोली मिळाली असती.

मोतीराम काका ताठ उभे राहिले. हात दोन्ही बाजूंना सरळ.

"नहीं साहब. कोई तकलीफ़ नहीं."

अध्यक्ष मागे टेकले. "देखिए मैडम," ते हळवे होऊन मला म्हणाले, "यह पिता का प्रेम है. इसे असुविधा मत कहिए." मैत्रेयीने मान खाली घातली ती समिती जाईपर्यंत वर केली नाही.

निंबाखाली मी काकांवर तुटून पडले. "काहून असं म्हटलं काका? काहून? तुम्हाला रात्री झोप येत नाही कमरेनं, शेवंता काकू सांगत होत्या मला!"

ते दचकले. मग मलाच समजावायला लागले, अगदी मायेने. "मॅडम, तुम्ही नोकरीत नव्या. इन्स्पेक्शनमधी तक्रार करत नसतात. फॅक्टरीत एवढी वर्षं काढली मी. बाहेरचा साहेब येते, विचारते, कोई तकलीफ़? आपण म्हणाचं, नाही साहेब. म्हणजे आपल्या साहेबाची लाज राहते. मंग आपला साहेब आपलं काम करून देते. तुमच्या बाबानंबी असंच क्वार्टर मिळवलं होतं, विचारा घरी. पाहा तुम्ही, आता खोली भेटते का नाही ते."

बाबांनी क्वार्टर तसंच मिळवलं होतं, हे खरं होतं.

कॉलेजला चांगली श्रेणी मिळाली. अहवालात आमच्या कक्षाचं वेगळं कौतुक होतं, आणि 'पालकांचा प्रेरणादायी सहभाग' असंही एक वाक्य होतं. मी खोली मागायला गेले. अनुपम सर म्हणाले, आता तर खोली हलवताच येत नाही मैडम, अहवालात तिचं नाव आहे, फोटो वेबसाइटवर आहे, उद्या कोणी पाहायला आलं तर? सोफा बाहेर काढून माझा एक तास तरी खाली घेऊ द्या म्हटलं. गालिचा खराब होईल, म्हणाले. मी हसले. त्या हसण्याची माझी मलाच भीती वाटली.

पावसाळा संपता संपता काका मधल्या वळणावर मैत्रेयीसकट बसले ते उठलेच नाहीत. पोरांनी दोघांना खाली आणलं. कमरेची नस दबली होती. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि वजन उचलायला सक्त मनाई केली.

वर्गातली चार मुलं चांगली होती. आम्ही नेतो म्हणाली, आणि दोन दिवस त्यांनी तिला खुर्चीसकट उचलून नेलंही. तिसऱ्या दिवशी ती माझ्या कक्षात येऊन बसली. "मी वर नाही जाणार मॅडम," ती म्हणाली. "पप्पा उचलतात ना, तेव्हा मी त्यांची पोरगी असते. हे चौघं उचलतात तेव्हा सामान होते. सगळे साइड देतात, 'ज़रा हटना, हटना' म्हणतात. मला नाही सहन होत ते."

मग ती खालीच बसू लागली. बाबासाहेबांच्या फोटोखाली, सोफ्याशेजारी. मी माझे तास संपवून खाली यायची आणि तिला पुन्हा शिकवायची. बाकीच्या विषयांचं कोण करणार? वर्ग बरोबर आमच्या डोक्यावर होता. तास संपला की वर बाक सरकायचे, आणि ती वही मिटून ठेवायची, जणू तिचाही तास संपला. हजेरी मात्र वर लागायची. खालची हजेरी धरा म्हणून मी ज्याच्या त्याच्या हातापाया पडले. सगळे म्हणाले, प्राचार्यांनी सांगितलं तर. प्राचार्य म्हणाले, बिलकुल.

हजेरी कमी पडली. परीक्षेचा फॉर्म अडकला. हजेरी माफ करणं फक्त अनुपम सरांच्या हातात होतं, आणि फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी मोतीराम काका माझ्या दारात उभे राहिले. कमरेला पट्टा, हातात पिशवी. पिशवीतून त्यांनी ती चॉकलेटी शाल काढली. घडी मोडलेली नव्हती.

"मॅडम, हे वापस द्यायचं आहे साहेबाले," ते म्हणाले. "राग नाही कोणाचा. सन्मान वापस घ्या, अन् पोरीले परीक्षेले बसू द्या, असं म्हणाचं आहे. नारळ मात्र घरी फोडला. नवा आणला त्याच्या जागी." पिशवीत खरंच नारळ होता, शेंडीसकट.

मला रडू कोसळलं. मी तोंड फिरवलं आणि त्यांना घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले. बाहेर त्यांना दहादा बजावलं: काका, आज इन्स्पेक्शन नाही. आज बाहेरचा साहेब नाही. आज तक्रार करायची. हो ना? ते म्हणाले, "हो हो, समजलं."

मीच सगळं सांगितलं, खोली, हजेरी, आजची तारीख. अनुपम सर ऐकत होते. पण त्यांची नजर शालीवर होती. ते खुर्चीतून उठले, टेबलाला वळसा घालून आले, आणि त्यांचा गळा खरोखर दाटून आला होता, हे मी शपथेवर सांगेन. "अरे काकाजी, सम्मान कभी लौटाया जाता है? आप तो हमारे परिवार के हैं." त्यांनी शाल उलगडली आणि काकांच्या खांद्यावर परत घातली. विष्णू भैयांना हाक मारून मोबाइलवर फोटो काढायला लावला. काकांचे दोन्ही हात हातात धरले. "हाज़िरी का हम देखते हैं. और बताइए, कोई तकलीफ़ तो नहीं?"

मी काकांचा कोपर घट्ट धरला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले. मग पट्ट्यातली ती कंबर हळूहळू सरळ झाली आणि दोन्ही हात बाजूंना गेले.

"नहीं साहब," मोतीराम काका म्हणाले. "कोई तकलीफ़ नहीं."

हजेरी माफीवर सही न होताच फॉर्मची खिडकी बंद झाली, तेव्हा सर मीटिंगमध्ये होते. केबिनच्या दाराशी मी तोवर उभी होते, आत कोणी सोडलं नाही.

काका फाटकाबाहेर वाट पाहत होते. मला पाहून पुढे आले. "किती मानतात ना साहेब, प्रणोती," ते म्हणाले. "करून देतील. नाही?"

मागे ऑटो उभा होता, आत मैत्रेयी. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. तिने बापाच्या खांद्याकडे पाहिलं. शाल तिथेच होती.

"चलो भैया," ती ऑटोवाल्याला म्हणाली.