परीक्षेतला दुसरा आवाज

मी चष्म्याच्या दुकानात फ्रेममध्ये भिंगं बसवते. डोळे तपासायचं शिक्षण घ्यायचं, तर आधी कॉलेजचा ऑनलाइन गणिताचा कोर्स पास होणं भाग होतं. ही शेवटची संधी. आता नापास झाले की प्रवेश रद्द.

पण मला छळत होतं ते वेगळंच कोडं. व्हिडिओ बघताना सगळं लख्ख कळायचं. सर गणित सोडवायचे, मी मान डोलवायचे. मग कोरा कागद पुढे घेतला, की डोकंही तितकंच कोरं. कळलेलं जातं तरी कुठे?

त्यात सासूबाई. त्या आयुष्यभर टेलिफोन ऑपरेटर होत्या. लोकांचं बोलणं जोडून द्यायचं, पण ऐकायचं नाही, असा नियम. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती सगळी उपासमार भरून काढायला घेतली. मी लॅपटॉप उघडला, की खुर्ची ओढून शेजारी हजर.

"अगं थांब, थांब. हा दोन कुठून उगवला?"

"आई, तो असतोच तिथे."

"असतोच म्हणजे? कोणी आणला त्याला?"

मी धुसफुसत व्हिडिओ थांबवायचे, कागदावर मांडून दाखवायचे. कधी कधी मलाही सांगता यायचं नाही. मग मागे जाऊन शोधा. एका धड्यात अख्खी संध्याकाळ जायची. शेवटी माझं डोकं फिरलं. "मला पास व्हायचंय हो," असं म्हणून मी लॅपटॉप उचलला आणि वाचनालय गाठलं. त्यांनी टीव्हीचा आवाज तेवढा वाढवला.

वाचनालयात काय ती शांतता! मी भराभर धडे संपवले आणि पुढच्या चाचणीत सपशेल आपटले. गंमत म्हणजे, ज्या जुन्या धड्यांत सासूबाईंनी मला भंडावून सोडलं होतं, त्यांवरची गणितं मात्र सगळी बरोबर आली होती. मी तो निकाल पुन्हा पुन्हा वाचला. मला त्यांचा रागच आला. इतकं सोपं कारण असावं, आणि तेही त्यांच्यामुळे?

"आई, बसता का जरा?"

"आता बरी आठवण झाली!" असं म्हणाल्या, पण खुर्ची ओढलीच.

मग आमची घडी बसली. दुकानातून आले, की चहा आणि एकच धडा. सरांनी गणित फळ्यावर लिहिलं, की व्हिडिओ थांबवायचा. आधी मी कागदावर सोडवायचं, प्रत्येक ओळ मोठ्याने सांगायची, आणि सासूबाईंचं समाधान झालं तरच सरांना बोलू द्यायचं. हळूहळू त्यांनी तोंड उघडायच्या आत प्रश्न मलाच सुचायला लागले. मजा यायला लागली, खोटं कशाला बोलू!

परीक्षा घरूनच होती. कॅमेरा चालू, खोलीत मी एकटी, दाराला कडी. पेपर बरा गेला. पण निकालाऐवजी निरोप आला: खोलीत दुसऱ्या व्यक्तीचा आवाज आढळला आहे, निकाल राखून ठेवला आहे.

सरांनी व्हिडिओ कॉलवर बोलावून मला माझंच रेकॉर्डिंग ऐकवलं.

"अगं, हा कंस कुठून आला?" एक दरडावणारा आवाज.

"वरच्या ओळीतून," एक बापुडवाणा.

"सर, दोन्ही मीच," मी म्हणाले. "अभ्यासाची सवय आहे."

"स्वतःलाच 'अगं' म्हणता?"

सरांनी रेकॉर्डिंग पुढे नेलं. "इथे तुम्ही विचारलंत, 'वजा कुठे ठेवलास?' आणि उत्तर दिलंत, 'तो गेला.' कुठे गेला?"

मी उत्तरपत्रिका पाहिली. वजा खरंच गायब होता. अख्खं गणित चुकलं होतं.

सर मात्र हसायला लागले. "शेजारी मदतीला कोणी असतं, तर त्याने हे खपवून घेतलं असतं? या गणिताचे गुण गेले. बाकीच्यांवर तुम्ही पास आहात."

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. "'गेला' म्हणे!" सासूबाई कडाडल्या. "मी असते तर शोधून आणायला लावला असता!"

सर दचकले. "हा... हा आवाज कोणाचा?"

"हा अस्सल, सर," मी म्हणाले. "परीक्षेत होती ती नक्कल. म्हणून तर वजा हरवला."