हातातला आणि टीव्हीचा

सहा महिन्यांपूर्वी मी गुरुशांतचं घर सोडलं आणि जुळे सोलापुरात एका खोलीत राहायला लागले. निघताना कपड्यांच्या दोन पिशव्या आणि हातात धरून खेळायचा माझा गेम, एवढंच नेलं. गुरुशांत, माझा नवरा, त्यावरच खूश. दोन पिशव्यांवर कोण संसार मांडतं, दिवाळीपर्यंत येईल परत, असं सगळ्यांना सांगत सुटला. मला राग यायला हवा होता. आला नाही. त्या दिवसांत मला काहीच येत नव्हतं, ना राग ना रडू.

परवा त्याचा फोन आला. टीव्हीला लावायचा कन्सोल विकतोय, लग्नानंतर दोघांनी मिळून घेतलेला, तेव्हा तूही नवी पेठेत ये. तो विकताना बघून मी विरघळेन असा त्याचा अंदाज असावा. खरं तर त्या कन्सोलवर माझा हात क्वचितच पडला. संध्याकाळी टीव्हीवर सासूबाईंच्या मालिका आणि त्या झोपल्या की ह्याचा फुटबॉल. म्हणून मी हातातला घेतला. गॅलरीत उभी राहून खेळायचे, नाहीतर पांघरुणात आवाज बंद करून. त्याला ते लाडिक वाटायचं.

दुकान शिवूचं, जुन्या फोनांचं आणि गेमचं. त्यानं कन्सोलचा जो भाव सांगितला तो खरेदीच्या निम्म्याहूनही कमी होता. गुरुशांतनं कुरकुर करत दिला. मग मी पर्समधून माझा हातातला काढून विकायला पुढे ठेवला. तो कन्सोलहून जुना, तरी शिवूनं, मी घेतला होता जवळजवळ तेवढाच भाव सांगितला. गुरुशांत चिडला. एवढा दणकट डबा मातीमोल आणि हे खेळणं महाग, हा कुठला हिशोब?

शिवू म्हणाला, मोठ्याचा नवा आला की जुन्याला कुणी विचारत नाही, घरोघरचे इथं येऊन पडतात. हातातल्याचं तसं नाही.

"ज्याला घरात टीव्ही मिळत न्हाय, त्यो ह्यो घेतो की वैनी. हॉस्टेलची पोरं, ड्रायव्हर, रातपाळीवाले. असली माणसं लई हायत. अन् एकदा घेतला की कोण सोडत न्हाय."

त्या माणसांत मी मनातल्या मनात स्वतःला बसवलं. बधिर झालेल्या पायाला मुंग्या याव्यात तसं काहीतरी झालं. बरं वाटलं असं नाही म्हणणार.

गुरुशांत हळूच म्हणाला, "तो नको विकू की. येताना घेऊन ये."

येताना, म्हणे. मी शिवूला विचारलं, आत्ता घेतलेला कन्सोल ह्या पैशांत बसतो का. बसतो, वर पैसेही उरतात, असं तो म्हणाला. माझा ठेवून घ्यायला आणि तो द्यायला मी सांगितलं.

गुरुशांतचा चेहरा एकदम खुलला. इतक्या महिन्यांत मी त्याला असं हसताना बघितलं नव्हतं, आणि मला त्याची कीव आली.

"अगं, आपलाच की तो," तो म्हणाला. "घरी न्यायला विकत कशाला घेतीस?"

"तुमच्या घरी नाही," मी म्हणाले. "माझ्या. टीव्ही मागच्या आठवड्यात बसवलाय."

शिवूनं वायरी गुंडाळल्या, कन्सोल पिशवीत घातला आणि कुणाकडे द्यायचा म्हणून दोघांकडे बघत राहिला. मी हात पुढे केला.