चौथा डबा

फोन खणखणला तसा अण्णासोंनी चहाचा कप खाली ठेवला. गाडी मागच्या स्टेशनातून सुटल्याचं स्टेशन मास्तरांनी सांगितलं. अण्णासोंनी वहीत वेळ टिपली, खोलीबाहेर आले आणि हँडल फिरवायला घेतलं. फाटकाचे दोन्ही दांडे कुरकुरत खाली आले.

"अवं मामा, एवढं जाऊ द्या की! दूध नासतंय हितं!"

मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन लटकवलेला सयाजी ओरडला. मुडशिंगीतलं दूध गोळा करून तो रोज याच वेळेला फाटकावर यायचा आणि रोज हेच ओरडायचा.

"दूध नासंल तर नासू दे. तू नासू नगंस," अण्णासो म्हणाले.

एरवी त्यांनी त्याला आणखी दोन शब्द ऐकवले असते. आज त्यांचं लक्ष घड्याळात होतं. दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. मिरज-सांगलीकडच्या माणसांना थेट उजळाईवाडीच्या विमानतळावर आणून सोडणारी नवी एक्सप्रेस आज पहिल्यांदा धावत होती, आणि दहाला पाच कमी असतानाच ती विमानतळावर पोचायला हवी होती. पण पहिलाच दिवस. प्रत्येक स्टेशनात नारळ, हार, भाषणं. गावागावांनी हौसेनं गाडीला उसाच्या मोळ्या बांधल्या होत्या, केळीचे खुंट बांधले होते. आपल्याकडं नवा ट्रॅक्टर आला तरी माणसं एवढं करतात, मग ही तर अख्खी आगगाडी होती.

त्या गाडीत अण्णासोंची लेक होती. घर हातकणंगल्याला, म्हणून संघप्रिया तिथंच गाडीत बसली होती. अकरा दहाचं विमान, दुपारी तीनला हैदराबादेत परदेशी शिष्यवृत्तीची मुलाखत. सामान घेणारी खिडकी दहा पंचवीसला बंद होणार आणि मुलाखतीची दुसरी तारीख मिळणार नाही, हे तिनं आठवडाभरात घरात इतक्यांदा सांगितलं होतं की अण्णासोंना ते पाठ झालं होतं.

तिला पोचवायला ते स्वतः जाणार होते. रजा मंजूर होती. पण बदलीवर येणारा ज्ञानू काल तापानं फणफणला आणि भल्या पहाटे अण्णासोंनी पुन्हा गणवेश चढवला. संघप्रिया तेव्हा दारातच उभी होती.

"दहावीच्या सत्काराला फाटक. पदवी घेतली तवा फाटक. आज पैल्यांदा विमानात बसायचं, तर आजबी फाटकच व्हय आबा?"

अण्णासो बुटाची नाडी बांधत राहिले. त्यांना वाईट वाटत होतं, पण ते कसं सांगतात हे त्यांना कधी जमलं नव्हतं.

"बरं, ऐका," ती जरा नरमून म्हणाली. "गाडी तुमच्याच म्होरनं जाणार. चौथा डबा, उजवी खिडकी. मी हात करीन. चाकांकडं न्हाई, वर बघायचं."

"बघतो."

"नक्की?"

"बघतो म्हणलं की."

तिनं 'नक्की' विचारलं त्याला कारण होतं. फाटकवाल्यानं जाणाऱ्या गाडीकडे तोंड करून उभं राहायचं आणि तिच्या खालच्या अंगावर नजर ठेवायची, हा नोकरीचा नियम. कुठं धूर निघतोय का, काही लोंबतंय का, चाक नीट फिरतंय का. सव्वीस वर्षं अण्णासो गाड्यांची चाकंच बघत आले होते. त्या गाड्यांत बसलेल्या माणसांचा एक चेहरा त्यांना ओळखता आला नसता. त्यांची बायको सरुबाई तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "मला बघाय आलते तवाबी ह्यांची नजर माझ्या पायाकडंच हुती."

उसाच्या रानापलीकडून शिट्टी ऐकू आली. अण्णासो आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले. उजव्या हातात उघडलेला हिरवा झेंडा, डाव्या काखेत गुंडाळलेला लाल. विमानतळाचं स्टेशन इथून दोन किलोमीटरवर, त्यामुळं गाडी बेतानंच येत होती. इंजिनाच्या तोंडाला झेंडूच्या माळा होत्या. फाटकाशी थांबलेल्या माणसांनी हात वर केले. सयाजीनं तर हॉर्नच दाबून धरला.

पहिला डबा गेला. दुसरा गेला. तिसरा जाताना अण्णासोंनी मनाशी म्हटलं, आता वर. मान उचलायची तेवढी. त्यांनी हनुवटी उचललीसुद्धा, पण नजर काही बरोबर आली नाही. ती होती तिथंच, रुळाच्या वर हातभर अंतरावर राहिली.

आणि तिथंच त्यांना ऊस दिसला.

चौथ्या डब्याच्या दाराला बांधलेली मोळी सुटून खाली आली होती. कुणीतरी ती म्हशीच्या कासऱ्यानं बांधली होती आणि त्या कासऱ्याच्या आधारानं ती चाकापासून वीतभर अंतरावर फरफटत चालली होती. पुढं अर्ध्या किलोमीटरवर रूळ बदलायचा सांधा होता. कदाचित मोळी त्याच्या आधीच तुटून बाजूला पडली असती. कदाचित सांध्यात शिरून अडकली असती.

दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. हे त्यांना घड्याळ न बघताही ठाऊक होतं. दहा पंचवीस, तीन वाजता, दुसरी तारीख नाही. 

हिरवा झेंडा खाली पडला. अण्णासो लाल झेंडा दोन्ही हातांनी उघडून शेवटच्या डब्यातल्या गार्डाकडे हलवत होते. चाकं किंचाळली आणि गाडी पुढं जाऊन थांबली.

"एवढ्या उसापायी गाडी आडवली?" सयाजी ओरडला. "मामा, विमान चुकंल की लोकांचं!"

 खोलीमागच्या मेथीच्या वाफ्यातलं खुरपं उचलून अण्णासो गाडीच्या कडेनं पळत सुटले. पन्नाशी उलटल्यावर खडीतून पळणं सोपं नव्हतं. ते पोचले तेव्हा गार्डही खाली उतरून येत होता. मोळीची चार-पाच कांडी चाकाखाली चिरडून रस गळत होता आणि कासरा पायरीखाली पिळा घालून बसला होता. अण्णासो खाली बसले आणि कापू लागले.

वर पायरीवर दोन पाय आले. पांढरे बूट. मागच्या रविवारी महाद्वार रोडला जाऊन त्यांनीच घेऊन दिलेले.

"आबा!"

"आत जा. उतरू नगंस."

"आबा, दहा पंधरा झालं."

"ठावं हाय. आत जा म्हणतो न्हवं!"

बूट क्षणभर तिथंच थांबले, मग आत गेले. कासरा ओला होऊन आवळला होता, तुटता तुटेना. अण्णासोंच्या हाताला खुरप्याची धार लागली. शेवटचा पीळ सुटला तशी त्यांनी गार्डाच्या मदतीनं मोळी बाहेर ओढली, वाकून चारही बाजूंनी एकदा बघितलं आणि मागं सरले.

दहा अठराला गाडी हलली. डबा त्यांच्या समोरून सरकू लागला, वरून खिडकीच्या काचेवर टकटक ऐकू आली. अण्णासो बघत होते ते मोळी होती त्या चाकाकडे. ते नीट फिरतंय अशी खात्री होईपर्यंत चौथा डबा पुढं गेला होता.

फाटक उघडलं. सयाजी कॅन खडखडवत निघून गेला. अण्णासोंनी वहीत झालेली हकिकत लिहिली, बोटाला चिंधी बांधली आणि गार चहा पिऊन टाकला. त्यांनी मोबाइल तीनदा हातात घेतला आणि तीनदा ठेवला. लेकीचं नुकसान केलं असं त्यांना वाटत होतं आणि वेळ परत आली तर हेच करीन असंही वाटत होतं. या दोन्हींचं काय करावं हे त्यांना कळेना.

अकराला पाच कमी असताना फोन वाजला.

"मिळालं विमान. पळत गेले. बाई खिडकी लावतच हुती." ती धापा टाकत नव्हती, म्हणजे बसून बराच वेळ झाला असावा. "तुम्ही वर बघितलं न्हाई."

"न्हाई."

"एकदाबी न्हाई."

"तुझ्या डब्याचं चाक बघितलं," अण्णासो म्हणाले. "झ्याक फिरत हुतं."



"आबा, विमानालाबी चाकं असत्यात."

"ठावं हाय की."

"मग बघा," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

सव्वा अकराला धावपट्टीकडून घरघर सुरू झाली. रिकामे कॅन घेऊन परतलेला सयाजी फाटकात येऊन थांबला, कारण अण्णासो आपल्या जागेवर उभे होते आणि त्यांच्या उजव्या हातात हिरवा झेंडा उघडलेला होता.

"मामा, त्येला कशाला झेंडा? ते काय फाटकातनं जातंय व्हय?"

अण्णासोंनी त्याच्याकडं बघितलंच नाही. उसाच्या तुऱ्यांवरून विमान वर आलं. चाकं अजून खाली होती. त्यांनी मान मागं टाकली आणि ती चाकं बघत राहिले. आधी एक बाजू आत गेली, मग दुसरी, मग झडपा मिटल्या. लोंबणारं काही दिसत नव्हतं, धूर नव्हता.

आता खाली बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. तेव्हा अण्णासोंनी कपाळावर हात धरला आणि उजवीकडच्या खिडक्या बघू लागले.