पिन न मारलेली पानं

“पिन मारू नकोस हं, हार्लन. किती वेळा सांगायचं?”

“नाही मारत गं बाई. नुसती पानं सारखी करतोय.”

“सारखी करता करता तुझा हात पिनेकडे जातो. मला दिसतं.”

वेल्डा प्रुइट हॉटेलच्या पलंगावर बसून बूट चढवत होती. डावा बूट उजव्या पायात जाईना, तशी ती बुटावरच चिडली. हार्लनने खाली बसून बूट बदलले, नाड्या बांधल्या आणि जणू रोजचंच काम, अशा थाटात उठला. तसं ते आता रोजचंच काम झालं होतं म्हणा.

पिनेचा नियम वेल्डाचाच. परिषदेत पेपर वाचताना पानांना पिन मारायची नाही. सुटी पानं हातात धरायची आणि वाचून झालेलं पान गठ्ठ्याच्या तळाशी सरकवायचं. टेबलावर उलटं ठेवलं की ऐकणाऱ्यांचा जीव उरलेल्या पानांत अडकतो, असं तिचं म्हणणं. ती शिकवत होती त्या छोट्या कॉलेजातल्या पोरापोरींना तिने हे इतकं पढवलं होतं की पार ॲरिझोनापर्यंत कोणी पान तळाशी सरकवताना दिसलं, की लोक म्हणत, हा वेल्डाच्या हाताखालचा दिसतोय.

दर फेब्रुवारीत अल्बुकर्की शहरात ही लोकसंस्कृतीची परिषद भरते. मोठी विद्यापीठं ज्यांना नाकं मुरडतात ते सगळं इथे मानाने नांदतं. टीव्हीवरच्या मालिका, काउबॉयचे सिनेमे, कुस्त्या, भुतंखेतं, शेजाऱ्याच्या अंगणातलं बार्बेक्यू. त्यात वेल्डाने ‘रस्त्याकडेचं जग’ नावाचा विभाग सुरू केला, तेव्हा इथल्यांनीही तोंडावर हात ठेवून हसून घेतलं होतं. मोटेलच्या पाट्यांवर कसले पेपर वाचायचे? पहिल्या वर्षी अध्यक्ष व्हायला कोणी मिळेना, म्हणून कॉलेजच्या पहिल्या वर्षाला निबंधलेखन शिकवणाऱ्या नवऱ्यालाच तिने खुर्चीवर बसवलं. तेव्हापासून हार्लन त्या खुर्चीवरून उठलाच नाही. अध्यक्षाचं काम काय, तर नावं पुकारायची आणि वेळ संपत आली की पिवळं कार्ड, संपली की लाल कार्ड दाखवायचं. बायकोला लाल कार्ड दाखवायची पाळी त्याच्यावर कधीच आली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी तिचं विसरणं सुरू झालं. आधी नावं गेली, मग वाटा. या थंडीत एकदा ती घरातल्या सपाता घालून हायवेवर निघाली आणि ट्रकवाल्याने तिला परत आणून सोडलं. मुलगी रोंडा लबक शहरात राहते. तिने आपल्या घराजवळ अशा माणसांना सांभाळणारी एक जागा शोधली. तिथली एक खोली रिकामी झाली होती आणि आज संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. हे सगळं बोलणं वेल्डासमोरच झालं. ती तेव्हा मटार सोलत होती, तशीच सोलत राहिली. तिने ऐकलं की नाही, आणि ऐकलं असलं तरी डोक्यात राहिलं की नाही, देव जाणे.

हार्लनने मात्र मनाशी एक पैज लावली होती. कोणाला सांगितली नव्हती, कारण सांगितली असती तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. वेल्डाने आज पेपर धड वाचला, की रोंडाला ठणकावून नाही सांगायचं. स्वयंपाक मी करीन, दाराला कुलूप मी लावीन, जागायचं तर जागेन, पण माझी बायको माझ्या घरात राहील. पेपर त्यांनी शरद ऋतूतल्या तिच्या चांगल्या सकाळी गाठून तयार केला होता. ती सांगायची, तो टाइप करायचा. अक्षरं मोठाली, पानावर ओळी मोजक्या. रस्त्याने येताना तिने त्याला तो गाडीत दोनदा वाचून दाखवला, एकदाही अडखळली नाही.

खाली नाश्त्याला वाढणारीने विचारलं, “अंड्यांवर मिरची लाल की हिरवी?”

“दोन्ही घाल, आणि हात आखडू नकोस,” वेल्डा म्हणाली. हार्लनला इतका आनंद झाला की त्याला आपल्या अंड्यांवरची मिरची तिखटच लागेना.

तेवढ्यात युसेबियो लुसेरो आला. जुना मित्र, हार्लनपेक्षाही म्हातारा, जमिनीलगत उतरवून सजवलेल्या लोरायडर गाड्यांवर पेपर वाचणारा. “काय गं वेल्डा, अजून या थेरड्याला सोडलं नाहीस?”

“सोडणार होते रे. पण गाडी तोच चालवतो.”

युसेबियो टेबलावर थाप मारून हसला. हार्लनने त्याच्याकडे असं पाहिलं, की बघ, कोण म्हणतं हिला काही झालंय! युसेबियोने नजर दुसरीकडे वळवली. त्याच्या भावाचं असंच झालं होतं.

वेल्डाच्या सत्राच्या खोलीत डझनभर माणसं जमली होती. शनिवारी सकाळी एवढी म्हणजे पुष्कळच. सरकत्या भिंतीपलीकडे कुस्तीवाल्यांचं सत्र होतं, त्यामुळे मधूनमधून आरोळ्या येत. हार्लनने तिचं नाव पुकारलं तेव्हा त्याचा आवाज पहिल्यांदा पेपर वाचणाऱ्या पोरासारखा कापला.

वेल्डा उभी राहिली. निळा कोट, त्यावर फिरोज्याची पिन, पाठ ताठ. तिने पानं उचलली.

“मित्रहो,” तिने सुरुवात केली, “माझ्या आईवडिलांचं जुन्या हायवेवर मोटेल होतं. पाटीवर दिव्यांची अक्षरं होती, ‘खोली रिकामी नाही’. वारा सुटला की त्यातला ‘नाही’ आपोआप विझायचा. मग नको त्या वेळी गिऱ्हाईकं यायची, आणि वडिलांना नाही म्हणणं जमायचं नाही. ते माझाच पलंग देऊन टाकायचे. दहा वर्षांची होईपर्यंत मी बाथटबात झोपले. आणि लोक मला विचारतात, या विषयाकडे तुम्ही कशा वळलात!”

लोक हसले. फार नाही, सभ्यपणे. वेल्डाने पान तळाशी सरकवलं.

आणि काय वाचलं तिने! कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं तसंच. नवा महामार्ग झाला आणि जुन्या रस्त्यावरच्या पाट्या एकेक करून कशा विझल्या हे ती सांगत असताना मागच्या रांगेतल्या माणसाने चष्मा पुसला. हार्लन खुर्चीत हळूहळू ताठ होत गेला. त्याच्या डोक्यात रोंडाला बोलायची वाक्यं जुळू लागली. ‘बघ, मी म्हणत नव्हतो?’ इथून सुरुवात करायची असं त्याने ठरवूनही टाकलं.

शेवटचं पान आलं. “गिऱ्हाईक येवो न येवो,” वेल्डा वाचत होती, “आई रोज संध्याकाळी पाटीचं बटण दाबायची.” इथे पेपर संपत होता. आभार तिने कधी लिहिलेच नव्हते. मान वर करून आपल्या मनाने ती ‘आभारी आहे’ म्हणायची, आणि तेच तिचं संपणं असे. टाइप करताना हार्लनला हे सुचलंच नाही. गाडीतही प्रत्येक वेळी त्या वाक्यापाशी तोच “व्वा!” करायचा आणि तिच्या हातातून पानं घ्यायचा.

वेल्डाने शेवटचं पान तळाशी सरकवलं. वर पहिलं पान आलं.

“मित्रहो,” ती म्हणाली, “माझ्या आईवडिलांचं जुन्या हायवेवर मोटेल होतं.”

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. ती तेच हसू, तोच ठसका घेऊन वाचत होती. वारा सुटला, ‘नाही’ विझला, पलंग गेला. बाथटब जवळ येऊ लागला तसा हार्लन खुर्चीच्या कडेवर सरकला. आता ही थांबेल, हसण्यासाठी जागा सोडेल आणि खोलीत चिडीचूप असेल.

“आणि लोक मला विचारतात, या विषयाकडे तुम्ही कशा वळलात!”

युसेबियो हसला. गडगडाट करून, खुर्ची हलवून हसला. त्याच्या मागोमाग चष्मेवाला हसला, मग दोन पोरी, मग सगळी खोली. एक बाई हसता हसता डोळे टिपत होती आणि ते टिपणं हसण्याचं नव्हतं. वेल्डा खुलली. तिने पान तळाशी सरकवलं.

दुसरं पान, तिसरं पान. कोणी उठलं नाही. कोणी फोन काढला नाही. भिंतीपलीकडे कुस्तीवाले ओरडत होते आणि इकडे डझनभर माणसं तोच पेपर पहिल्यांदाच ऐकतोय अशी ऐकत होती. हार्लनने लाल कार्ड हातात घेतलं आणि मांडीवर ठेवलं. पुन्हा घेतलं, पुन्हा ठेवलं. थांबवावी, तर तिची शोभा होईल. न थांबवावी, तर ही दिवसभर त्या पानांभोवती फिरत राहील. इतक्या वर्षांत इतक्या लोकांना हसत हसत दाखवलेलं कार्ड, आज ते त्याच्याने उचलवेना. माझ्यावर ही वेळ का आणलीस, असं तो मनात कोणाला विचारत होता ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

शेवटी त्याने ते वर केलं.

वेल्डा वाक्याच्या मध्येच थांबली. तिने कार्डाकडे पाहिलं. हातातल्या पानाकडे पाहिलं. मग समोरच्या चेहऱ्यांकडे, एकेकाकडे, सावकाश.

“आमचे अध्यक्ष फार कडक आहेत,” ती म्हणाली. “आभारी आहे.”

सगळे उभे राहिले. टाळ्या इतक्या झाल्या की कुस्तीवाल्यांपैकी एकाने दार उघडून आत डोकावून पाहिलं. युसेबियोने वेल्डाच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, हार्लनचा खांदा दाबला आणि निघून गेला.

बाहेर कॉरिडॉरमध्ये कॉफीच्या पिंपाजवळ एक बाक होता. हार्लनने तिला तिथे बसवलं आणि स्वतः शेजारी बसला.

“झकास झाला पेपर,” तो म्हणाला.

“हार्लन, किती वेळा वाचला मी?”

“म्हणजे काय? एकदाच.”

“खोटं नको बोलूस. तुला जमत नाही ते.” तिचे डोळे स्वच्छ होते, दोन वर्षांपूर्वी असायचे तसे. “तो विनोद बरा आहे, पण एवढाही चांगला नाही. एवढं कोणी कधी हसलं नव्हतं त्याला. मी म्हटलं, आज यांना झालंय तरी काय? मग तुझं कार्ड दिसलं. तू रडत होतास.”

हार्लनने बाहीने डोळे पुसले.

“चांगली माणसं आहेत,” ती म्हणाली. “मला जपत होती. मला नाही आवडलं ते.”

“वेल्डा, चूक माझी आहे. मी शेवटी ‘आभार’ लिहायला हवं होतं. पुढच्या वर्षी...”

“पुढचं वर्षबिर्ष काही नाही. रोंडाला फोन लाव.”

“कशाला?”

“त्या खोलीचं आज सांगायचंय ना? मटार सोलत होते म्हणून बहिरी नव्हते मी. लाव फोन. आत्ता मला समजतंय तोवर लाव. जेवणापर्यंत राहील की नाही, सांगता येत नाही.”

“मी नाही लावणार. मी बघेन तुझं सगळं. जमेल मला.”

“तुला साधी अंडी उकडता येत नाहीत. परवा तू उभ्या उभ्या झोपलास, नळ चालू ठेवून.” तिने त्याच्या कोटाच्या खिशात हात घातला आणि फोन काढून त्याच्या हातात दिला. “लाव. मला बटणं सापडत नाहीत.”

त्याने लावला. पलीकडून रोंडाचं “हं, बाबा?” ऐकू आलं आणि त्याला रडूच फुटलं. वेल्डाने फोन काढून घेतला.

“रोंडा, मी बोलतेय. त्या खोलीला हो म्हणून टाक... नाही गं, त्याने नाही ठरवलं. मी ठरवलं... अगदी शुद्धीवर आहे, म्हणून तर घाई करतेय. आणि हे बघ, मी नंतर कांगावा करीन. घरी न्या म्हणून रडेन, तुम्हाला वाट्टेल ते बोलेन. तेव्हा माझं ऐकू नका. आत्ताचं ऐका... हो, इथेच आहे. रडतोय. रडू दे. रविवारी त्याला जेवायला बोलावत जा, नाहीतर डब्यातलं सूप पिऊन दिवस काढेल. ठेवते.”

तिने फोन परत दिला. पैज आपण हरलो की जिंकलो, हे हार्लनला कळत नव्हतं. एवढंच कळत होतं, की इतक्या वर्षांत त्याच्या वतीने असे सगळे अवघड निर्णय हिनेच घेतले होते, आणि आता पुढचे घ्यायला ती असणार नव्हती.

त्यांच्याच सत्राच्या खोलीच्या दारातून एक मुलगी बाहेर डोकावली. येसेनिया असं गळ्यातल्या पट्टीवर लिहिलं होतं. कॉरिडॉरमध्ये दोन्ही बाजूंना पाहून ती म्हणाली, “माफ करा हं, पुढचं सत्र इथेच आहे ना? कुणीच आलं नाहीये.”

“कशावर बोलणार आहेस?” वेल्डाने विचारलं.

“रस्त्याकडेला जे क्रूस लावतात ना, अपघाताच्या जागी... त्यांच्यावर. पण माणसंच नसतील तर...”

“आम्ही माणसंच आहोत की. चल, हार्लन, ऊठ.”

“वेल्डा, आत्ता नको. घरी जाऊ या.”

“पहिला पेपर आहे तिचा, चेहऱ्यावरून दिसतंय. रिकाम्या खुर्च्यांना वाचायला लावायचं का पोरीला?”

ती पुढे झाली, तो मागोमाग गेला. ती त्याला घेऊन पहिल्या रांगेत अगदी मधोमध बसली. येसेनियाने घसा खाकरला आणि वाचायला घेतलं. वेल्डा ऐकत होती, जिथे मान डोलवायची तिथे डोलवत होती, आणि मुलीचा आवाज हळूहळू सुटत गेला. हार्लनला त्यातला एक शब्द ऐकू आला नाही. त्याने वेल्डाचा हात दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला होता. पेपर संपला तरी त्याने तो सोडला नाही. टाळ्या वाजवायला शेवटी तिलाच तो सोडवून घ्यावा लागला.